न दुखणारी गाठ

गुरुवारची दुपार आहे. कुणाची भांडी आवरून झाली असतील, कुणी बांधावर बसून मोबाइलला रेडिओ लावला असेल. आपलं हे केंद्र आम्ही चौघी मिळून चालवतो. त्यातल्या तिघी आज बोलणार आहोत आणि चौथी काचेपलीकडे मशीनवर बसली आहे. विषय आहे छातीच्या, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा. घरात सासरे, दीर बसले असतील आणि हा शब्द ऐकून रेडिओ बंद करावासा वाटत असेल, तर करू नका. त्यांनाही ऐकू द्या. दवाखान्यात जायची वेळ येते तेव्हा मोटारसायकल त्यांचीच लागते.

स्तन हा शब्द आपल्या तोंडात सहसा येत नाही. लेकराला आपण ‘अंगावर पाजतो’. शेजारीण हळूच सांगते, ‘ताई, तिच्या अंगावर काहीतरी झालंय म्हणे,’ आणि पुढचं आपण समजून घ्यायचं. दुखणं सोसत बसायचं असलं तरी आपण ‘अंगावर काढतो’ असंच म्हणतो. मूल अंगावर आणि आजारही अंगावर. ज्या अवयवाचं नाव घ्यायचं नाही, त्याला काही झालं तर ते सांगायचं तरी कुठल्या शब्दात? म्हणून आज आम्ही नाव घेऊनच बोलणार आहोत.

आमच्यात जी थोरली आहे, तिला आम्ही आक्का म्हणतो. काचेपलीकडे आज तीच आहे. तिच्या परवानगीनं, तिच्यासमोर तिची गोष्ट सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या विषयावर गावोगाव फिरत होतो. सोबत कापडी गोळे होते. जुन्या साडीच्या कापडात कापूस भरून ते शिवायचे आणि आत कुठं मटकीचा, कुठं हरभऱ्याचा दाणा, कुठं चिकूची बी दडवायची. बायांनी बोटांनी चाचपून ती शोधायची. पहिल्यांदा सगळ्या हसायच्या, मग एकमेकींच्या हातातून ओढून घ्यायच्या. हे गोळे आक्कानंच शिवले होते. चिकूची बी कुठं आणि किती खोल ठेवायची, हेही तिनंच ठरवलं होतं. अकरा गावं आम्ही तिच्यासोबत केली.

आणि त्याच आक्काला संक्रांतीच्या आदल्या दिवशी, न्हाताना, डाव्या बाजूला काखेच्या अंगाला गाठ लागली. हरभऱ्याएवढी नव्हती, चिंचोक्याहून मोठी होती. दाबली तर दुखत नव्हती. जागची हलतही नव्हती.

तिला काय वाटलं असेल? तिनं नंतर आम्हाला जे सांगितलं, ते असं. पुढं ज्वारीची सुगी होती. लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आईला कॅन्सर आहे असं पाहुण्यांच्या कानावर गेलं तर ‘हे घराण्यातच असेल’ म्हणून सोयरीक मोडेल. शिवाय तिनं तिन्ही लेकरांना दोन-दोन वर्षं पाजलेलं, व्यसन कसलं नाही, शेतात राबून अंगावर मांस नाही. मग आपल्याला कसा होईल? मधे एकदा बाजाराच्या दिवशी तिनं एका डॉक्टरांना सांगितलंही. त्यांनी विचारलं, ‘दुखतंय का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ ‘मग काही नाही,’ म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. हात लावून पाहिलं नाही. तिनंही पाहा म्हटलं नाही. लग्न पार पडलं, पाहुणे गेले, आणि आठव्या दिवशी टेम्पोत बसल्या बसल्या ती आम्हाला म्हणाली, ‘माझ्यातच चिकूची बी हाय गं.’

चार महिने गेले होते. या चार महिन्यांत ती आमच्यासोबत तीन गावांत जाऊन बायांना सांगून आली होती, की गाठ लागली तर लगेच दाखवा. आम्हाला तिचा राग आला होता, हे खोटं कशाला सांगू? नंतर कळलं, की राग स्वतःचाच होता. माहिती दिली की बाई आपसूक दवाखान्यात जाते, असं आम्ही धरून चाललो होतो. माहिती तर आक्काइतकी कुणालाच नव्हती.

तेव्हा पहिली गोष्ट त्या ‘दुखतंय का’ची. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. पाळीच्या आधी छाती ठणकते, जड होते, त्यामागं बहुधा शरीरातल्या संप्रेरकांचा चढउतार असतो, कॅन्सर नसतो. आपल्याकडं सगळं उलटं चालतं. दुखलं की बाई घाबरते आणि दुखत नाही म्हटलं की निवांत राहते. गाठी सगळ्याच वाईट नसतात, बहुतेक साध्याच निघतात. तरण्या मुलींमधे बोटाखालून सुळकन सरकणारी गाठ असते, ती बऱ्याचदा साधी असते. पण साधी की वाईट हे बोटांना ठरवता येत नाही. आपल्या नाही आणि डॉक्टरांच्याही नाही. त्याला तपासणी लागते.

गाठीखेरीज आणखी काय पाहायचं? स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसायला लागली, एखाद्या जागी आत ओढल्यासारखी झाली, आधी बाहेर असलेलं बोंड आत गेलं, बोंडातून आपोआप रक्त किंवा रक्तासारखं पाणी आलं, बोंडावरची जखम किंवा खपली बरीच होईना, काखेत गाठ आली, एका बाजूचा आकार अलीकडे बदलला, तर दाखवायचं. दोन्ही बाजू थोड्या लहानमोठ्या पहिल्यापासून असतातच, त्याची काळजी नको. बदल झाला का, एवढंच पाहायचं.

आता एक कबुली. पूर्वी आम्ही याच माइकवरून सांगायचो, की दर महिन्याला पाळीनंतर अमुक दिवशी, अमुक पद्धतीनं, गोल गोल बोटं फिरवून स्वतःची तपासणी करा म्हणजे जीव वाचेल. मग एका डॉक्टर मॅडमनी आम्हाला शांघायचा अभ्यास सांगितला. चीनमधल्या त्या शहरात कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांवर हा अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी करायला नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा आठवण दिली. दहाएक वर्षांनी, २००२ साली निकाल आला. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्हीकडे स्तनाच्या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण सारखंच होतं. उलट शिकवलेल्या बायकांना साध्या गाठींसाठी जास्त वेळा सुया आणि कापाकापी सोसावी लागली.

हे ऐकून आम्ही गप्पच झालो. मग ते कापडी गोळे फेकून द्यायचे का? मॅडम म्हणाल्या, नाही. घड्याळ लावून, चुकलं तर पाप लागेल अशा धाकानं तपासायची गरज नाही. पण आपलं अंग आपल्याला ओळखीचं असावं. न्हाताना साबणाचा हात फिरतो तेव्हा लक्ष द्यावं, पाळी येऊन गेल्यावर छाती मऊ असते तेव्हा बोटांच्या सपाट भागानं काखेपर्यंत एकदा चाचपून बघावं. नेहमीचं कसं लागतं हे माहीत असलं, की वेगळं लगेच कळतं. आणि कळलं की दुसऱ्या माणसाला सांगावं. आक्काला गाठ लागली ती न्हातानाच. अडलं ते पुढं, सांगण्यापाशी.

शांघायच्या अभ्यासानं उमेद खचली असेल तर आपल्या मुंबईचा अभ्यास ऐका. आम्हाला तो फार जवळचा वाटतो. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ साली मुंबईतल्या गोरगरिबांच्या वस्त्यांत तो सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्र आणि त्यांचे सहकारी त्यात होते. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, २० वस्त्या. दहा वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासायच्या. अशा चार फेऱ्या झाल्या. या सेविका डॉक्टर नव्हत्या. आपल्या गावातल्या दहावी शिकलेल्या सुनेसारख्याच बायका त्या. मशीन नाही, क्ष-किरण नाही, फक्त शिकवलेला हात. बाकीच्या दहा वस्त्यांत माहिती दिली, पण तपासणी केली नाही. वीस वर्षं लक्ष ठेवून २०२१ साली निकाल छापला.

तपासणी झालेल्या बायकांमधे कॅन्सर लवकरच्या पायरीवर सापडला. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधे या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमधे मृत्यू कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. सगळ्या वयांचा मिळून आकडा १५ टक्के येतो, पण तो योगायोगानंही आलेला असू शकतो, असं अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलंय. आम्ही हे झाकून ठेवत नाही. तरी तेवढ्या मोठ्या शहरात हातानं जीव वाचले, हे खरं आहे.

हाच हात आपल्या उपकेंद्रात आहे. २०१६ सालापासून सरकारच्या आराखड्यात आहे, की तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, हे प्रश्न असतात. आणि आपण काय करतो? ‘नाही, नाही, नाही’ म्हणून पटकन मोकळ्या होतो, कारण ओसरीत सासरे बसलेले असतात. आशाताईंनाही आमचं सांगणं आहे, हे प्रश्न चुलीपाशी बसून विचारा.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की स्तनाची तपासणी कधी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा भरली नाही, ०.९ टक्के. आणि याच देशात २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असाव्यात आणि सुमारे ९८ हजार मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. आपल्या बायकांमधला हा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. त्या नोंदींत आपल्याकडचं स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा पुष्कळ कमी होतं आणि गर्भाशयमुखाचा पुढं होता. म्हणून ‘हा शहरातल्या बायांचा रोग’ असं आपण म्हणत आलो. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे.

मॅमोग्राफीबद्दल बाया नेहमी विचारतात. तो स्तनाचा एक्स-रे असतो. दोन पट्ट्यांमधे स्तन दाबून फोटो काढतात. दाबताना दुखतं, पण काही क्षणच. पाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत, छातीला पावडर किंवा अत्तर लावून जाऊ नका, फोटोत तिचे ठिपके दिसतात. तरुण वयात स्तन घट्ट असतो, त्यात या फोटोत गाठ झाकली जाते, म्हणून तरुणींची बहुधा आधी सोनोग्राफी करतात. ज्यांना परवडतं आणि जवळ सोय आहे त्यांनी चाळिशी-पन्नाशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. पण मशीन गावात नाही म्हणून थांबायचं कारण नाही. नर्सताईंच्या हातापासून सुरुवात करता येते. सरकारी आराखड्यात पाच वर्षं म्हटलंय, मुंबईत दोन वर्षांनी पाहिलं होतं. आमचं मत विचाराल तर पन्नाशी उलटलेल्यांनी दोन वर्षांनी स्वतःहून जावं.

गाठ संशयाची वाटली तर पुढं सुईची तपासणी. इथंच सगळं अडतं. आक्काचे दीर म्हणाले होते, ‘सुई लावू नका, चाळवतो तो.’ प्रत्येक गावात हे वाक्य आम्ही ऐकलंय. सुईनं कॅन्सर पसरत नाही. बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय उपचारच ठरत नाही. तो कॅन्सर आहे का, आणि असला तर संप्रेरकांवर वाढणारा आहे का, कुठलं औषध त्याला लागू पडेल, हे सगळं त्या तुकड्यावरून कळतं. सुई लावल्यावर बाई खालावली असं आपण पाहतो, ते तिला आणलेलंच उशिरा असतं म्हणून.

दुसरी भीती, छाती काढून टाकतील. लवकर आलं तर पुष्कळदा फक्त गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून, मग शेक देऊन भागतं. इटलीत आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासांत अशा बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका वीस-वीस वर्षं पाहिल्या, दोघींचं जगणं सारखंच निघालं. छाती जाईल म्हणून घरी बसणारी बाईच ती वाचवायची संधी घालवते.

आपल्या हातात काय आहे, तेही सांगतो. अंगावर पाजण्यानं फायदा होतो, हे खरं आहे. तीस देशांतले अभ्यास एकत्र करून २००२ साली निष्कर्ष काढला होता, की पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागं धोका साधारण ४.३ टक्क्यांनी कमी होतो. आक्काच्या हिशेबात सहा वर्षं होती. धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही. आणि जिला मूल झालं नाही किंवा दूध आलं नाही, तिला यावरून कुणी बोल लावला तर आम्हाला सांगा, आम्ही येऊन भांडू. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन धोका वाढवतं, दारू थोडीसुद्धा वाढवते, रोजची चाल आणि कष्टाचं काम कमी करतं. रानात राबणाऱ्यांना व्यायाम सांगायला आम्हालाही लाज वाटते. पण आता बऱ्याच जणी शिलाई मशीनवर, दुकानात दिवसभर बसून असतात, त्यांनी ऐकावं. शंभरातल्या पाच-दहा जणींना हा रोग घराण्यातून येतो. आई, बहीण, मावशी यांना, विशेषतः कमी वयात झाला असेल, तर डॉक्टरांना सांगा. वडिलांकडची आत्या, आजीही त्यात धरायची, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. बाकीच्यांपैकी बहुतेक जणींच्या घराण्यात काहीच नसतं. आक्काच्याही नव्हतं. म्हणजे लेकीच्या सोयरिकीची जी भीती होती, तिला आधारच नव्हता. जावई स्वतः केमोला सोबत आले, हेही सांगायला तिनं बजावलंय.

आक्काची गाठ मोठी होती, काखेतल्या एका गाठीतही रोग उतरला होता. आधी केमोच्या आठ फेऱ्या, मग ऑपरेशन, मग शेक. केस गेले, तोंड आलं, हाताच्या नखांना काळपट रेषा आल्या. केमोनं गाठ आकसली म्हणून स्तन ठेवता आला. तिनं डॉक्टरांना विचारलं, ‘चार महिने आधी आले असते तर?’ ते म्हणाले, ‘ते मला सांगता येणार नाही. आता एकही तारीख चुकवू नका.’ तिनं चुकवली नाही. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन जायचं, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं आधी भेटायचं. पण येणं-जाणं, राहणं, बुडलेली मजुरी योजनेत बसत नाही. एसटीचं अर्धं तिकीट आहे आपल्याला, तरी सोबतच्या पुरुषाचं पूर्ण पडतं. आमच्या बचत गटानं तिला बिनव्याजी पैसे दिले. तुमच्या गटात असा ठराव करून ठेवता येईल का, पुढच्या बैठकीत विचारा.

आता ती रोज एक गोळी घेते, काही वर्षं घ्यायची आहे. डाव्या हातानं घागर उचलत नाही.

येत्या मंगळवारी उपकेंद्रात नर्सताई तीस वर्षांपुढच्या बायांची तपासणी करणार आहेत, सकाळी दहापासून. आतल्या खोलीला पडदा आहे आणि आत फक्त बायाच असतील, हे आम्ही जाऊन बघून आलोय. आक्का मंगळवारी मशीनवर नसेल. ती दारात कापडी गोळे घेऊन बसणार आहे. या वेळी तिनं नवे शिवलेत, एकात चिंचोक्याहून मोठी बी आहे. ती कुठं लागली होती, हे ज्यांना विचारायचं असेल त्यांना ती दाखवेल. येताना शेजारणीला घेऊन या.